सुतकी चेहऱ्याची दुरुस्ती

माणूस म्हणाल तर आमचे हे सुखी प्राणी आहेत. झोप गाढ, पचन उत्तम, डोक्याला ताप नाही, कारण तो सगळा मी घेते. पण हे सुख त्यांच्या चेहऱ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. डोळ्यांखाली खड्डे, ओघळलेले गाल, नाकापासून हनुवटीकडे उतरत गेलेल्या दोन खोल घड्या आणि ओठांचे कोपरे कायम जमिनीकडे. आमच्या लग्नाचा फोटो बघून पाहुणे हळूच विचारतात, त्या दिवशी घरात काही वाईट घडलं होतं का. मुलगी झाली तेव्हा हे आनंदाने दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते, तर त्यांचा चेहरा बघून नर्स धावत आत आली आणि तिने माझी नाडी तपासली.

असा चेहरा घेऊन माणसाने नोकरी कुठे करावी? पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रारीच्या खिडकीवर. ह्यांना तिथे कोणत्या साहेबाने बसवलं ते मला माहीत नाही, पण त्याला माणसांची पारख होती. लोक घरून तावातावाने निघत. चार दिवस नळ कोरडा, बिल मात्र वेळेवर. खिडकीशी येईपर्यंत तोंडात शिव्यांची जुळवाजुळव झालेली असायची. आत हे दिसले की आवाज खाली यायचा. हा बिचारा आपल्यापेक्षा मोठ्या संकटात आहे हे एका नजरेत कळायचं. निम्मे लोक तक्रार न लिहिताच परत जात. एका आजीबाईंनी तर खिडकीतून हात आत घालून ह्यांचा हात थोपटला आणि सांगितलं, की पाण्याचं राहू दे बाळा, तू आधी डॉक्टरला दाखव. सगळ्यात कमी तक्रारी नोंदल्या गेलेला विभाग म्हणून साहेबांना दोनदा प्रशस्तिपत्र मिळालं. नळ तेव्हाही कोरडेच होते.

कार्यालयात ह्यांना पाठीमागे ‘सुतकी’ म्हणतात. ह्यांना ते ठाऊक नाही असा तिथल्या सगळ्यांचा समज आहे. ह्यांना ते पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे. त्या नावाचं त्यांना काही वाटत नसे. त्रास व्हायचा तो रोज दहा जणांनी काळजीने विचारण्याचा, की काय झालं, बरं नाही का. आनंदात असलेल्या माणसाला दिवसातून दहा वेळा ‘काही झालं नाही हो’ असं सांगावं लागलं की संध्याकाळपर्यंत खरंच काहीतरी झाल्यासारखं वाटतं, असं ते मला एकदा म्हणाले होते. मी तेव्हा हसले होते. मला हसायला फारसं काही लागत नाही.

मग मुलीचं लग्न ठरलं. ठरवलं तिनेच, आम्ही फक्त हो म्हणालो. ह्यांना मुलगा मनापासून आवडला होता. इतका, की त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे समाधानाने दोन तास गप्प बसून राहिले. विहीणबाईंनी खाऊपिऊ घातलं, घर दाखवलं, गच्चीवरच्या कुंड्या दाखवल्या. ह्यांचा चेहरा जो होता तो होताच. दोन दिवसांनी मुलगी रडवेली होऊन घरी आली. विहीणबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तुझ्या वडिलांना आमचं घर पसंत नाही का? तसं असेल तर आत्ताच सांगा, ऐन लग्नात वाकडी तोंडं नकोत.

मुलगी आम्हाला एवढंच म्हणाली, “बाबा, लग्नाच्या दिवशी तरी जरा आनंदी दिसाल का? माझ्यासाठी.”

हे हो म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर हसून बघितलं. मी दारात उभी होते. दाढ दुखत असलेला माणूस डॉक्टरला दाढ दाखवतोय असं ते दिसत होतं. ते त्यांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी दिवा बंद केला आणि बराच वेळ तोंड धूत बसले.

अशा वेळी घरात सल्ला द्यायला कोणीतरी लागतंच, आणि माझी थोरली नणंद त्या कामाला कधी मागे राहिलेली नाही. तिने स्वतःचे ओठ गेल्या वर्षी इंजेक्शनं घेऊन भरून घेतले आहेत. तेव्हापासून ती चहा प्यायला लागली की मला कपाची काळजी वाटते. तिचं म्हणणं, चेहऱ्यावर घड्या बाळगणं हा आजच्या काळात निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि तिच्या भावाचा चेहरा तर गुन्हाच आहे.

दुसरा कोणी असता तर एक डॉक्टर गाठून मोकळा झाला असता. आमचे हे तीस वर्षं मुरलेले कारकून. त्यांनी फाइल उघडली. खरोखरची, पुठ्ठ्याची, दोरीवाली. वर सुवाच्य अक्षरात विषय लिहिला: चेहरा दुरुस्ती. त्यांच्या कार्यालयात कुठलीही दुरुस्ती काढायची तर तीन ठिकाणांहून माहिती मागवून तुलनात्मक तक्ता करायचा असा नियम आहे. मग तो पंप असो की गाल.

त्याप्रमाणे हे तीन ठिकाणी गेले आणि तिन्ही ठिकाणी मला घेऊन गेले. पहिला सर्जन होता. त्याने ह्यांचा गाल चिमटीत धरून कानाकडे ओढला आणि मला म्हणाला, हे बघा, असं. कानापुढे कापायचं, कातडी वर ओढायची, जादाची काढून टाकायची, टाके घालायचे. गुंगी द्यावी लागेल, सूज आणि काळंनिळं उतरायला तीन आठवडे. दुसरीकडे एक बाई होती, ती नुसत्या मालिशने सगळं वर जाईल म्हणत होती. तिच्या स्वतःच्या हनुवटीला ती बातमी पोचलेली नव्हती. तिसऱ्या होत्या डॉक्टरीणबाई, पांढरा सोफा आणि माशांची टाकी असलेल्या दवाखान्यातल्या. त्यांनी सांगितलं की कापाकापी काही नको. फिलर म्हणजे एक प्रकारची जेल, ती सुईने कातडीखाली भरायची. खड्डे भरतात, घड्या उघडतात, गाल वर येतात. तासाभरात घरी. वर्षभर टिकतं, मग आपोआप विरतं, आणि पसंत पडलं नाही तर ते विरघळवायचंही इंजेक्शन असतं. धोकेही सांगितले. सूज येते, काळं पडतं, क्वचित एखादी रक्तवाहिनी बंद होते आणि ते फार वाईट, तेव्हा काही वेगळं वाटलं तर तडक यायचं.

मी घरी कपडे दुरुस्त करून देते, त्यामुळे मला हे लगेच समजलं. अंगात सैल झालेल्या कपड्याला दोनच उपाय असतात. जादाचं कापड कापून शिवण मारायची, नाहीतर आतल्या माणसाने जाड व्हायचं. सर्जन कापायचं म्हणत होता, डॉक्टरीणबाई भरायचं म्हणत होत्या. ज्याच्यात्याच्या हातात जे हत्यार, त्याप्रमाणे.

ह्यांनी जेवणाच्या टेबलावर पट्टीने रेघा मारून तक्ता केला. पद्धत, धोका, टिकाऊपणा, शेरा. आणि शेवटचा रकाना, रजा. शस्त्रक्रियेपुढे एकवीस दिवस वैद्यकीय रजा. फिलरपुढे अर्धा दिवस किरकोळ रजा. बाकीचे रकाने वाचायची गरजच उरली नाही. रजा सगळी लग्नाच्या धावपळीसाठी राखून ठेवलेली होती. शस्त्रक्रियेच्या ओळीवर लाल शाईने आडवी रेघ आली आणि खाली तारखेसह सही झाली. नणंद आपल्या मैत्रिणींना सांगते, की माझ्या भावाने खूप अभ्यास करून शस्त्रक्रियेऐवजी सौम्य पर्याय निवडला. तिच्या भावाने अर्ध्या दिवसाची रजा निवडली.

इथवर ठीक होतं. पुढची चूक मात्र अस्सल कारकुनाची. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की आत्ता थोडंच भरू, महिन्याने बघून गरज असेल तर आणखी. ह्यांना ते पटेना. लग्न चोवीस दिवसांवर आलेलं, आणि शिवाय एका कामासाठी रजेचे दोन अर्ज? हे म्हणाले, एकदम करून टाका, मला फाइल बंद करायची आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. हे नुसते त्यांच्याकडे बघत बसले. त्या चेहऱ्यापुढे भलेभले तक्रार मागे घेऊन गेले होते. पाचव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, की बरं, तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका, करते. जुन्या चेहऱ्याने केलेलं ते शेवटचं काम.

शुक्रवारी दुपारी ह्यांना मलम लावून बधिर केलं आणि आत नेलं. मी बाहेर टाकीतले मासे बघत बसले. ते बाहेर आले तेव्हा गच्च भरलेल्या उशीसारखे दिसत होते. सोमवारी योगायोगाने सुट्टी होती. मंगळवारपर्यंत सूज उतरली आणि खाली नवा चेहरा निघाला. गाल वर, खड्डे गायब, घड्या पुसलेल्या, ओठांचे कोपरे किंचित वर वळलेले. खूश माणूस. नुसता खूश नव्हे, नुकतीच बढती मिळालेला आणि ती शेजाऱ्याला मिळाली नाही हे कळलेला. दोन दिवस मी त्यांच्यासमोर केस न विंचरता जायला लाजत होते.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, काय साहेब, आज खुशीत दिसताय. हे घरी येऊन मला ते दोनदा सांगून गेले, आणि जेवताना तिसऱ्यांदा. उभ्या जन्मात त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. मला ते ऐकून वाईट वाटलं, म्हणून मी म्हटलं की त्याला काहीतरी खपवायचं असेल.

त्याच आठवड्यात मोठी जलवाहिनी फुटली. सहा दिवस पाणी नाही. खिडकीपुढे रांग लागली, आणि खिडकीत हे. पहिल्याच माणसाने, म्हणे, तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचारलं, आमच्या घरात आंघोळीला पाणी नाही आणि तुम्ही हसताय? हे म्हणाले, मी हसत नाही. तो म्हणाला, मग हे काय आहे? मागच्यांनी पुढे होऊन बघितलं. त्यांनाही ते दिसलं. ह्यांनी नेहमीच्या सवयीने ‘तुमचा त्रास मी समजू शकतो’ असं म्हटलं. ते त्या चेहऱ्याने म्हटल्यावर कोणाची तरी रिकामी बादली खिडकीवर आपटली. त्या एका दिवसात जितक्या तक्रारी नोंदल्या गेल्या तितक्या मागच्या तीन वर्षांत नव्हत्या, आणि त्यातल्या निम्म्या पाण्याबद्दल नव्हत्याच.

साहेबांनी ह्यांना आत बोलावलं. साहेब चिडले नव्हते, हताश झाले होते. ते म्हणाले, की अहो, इतकी वर्षं हा विभाग तुमच्या चेहऱ्यावर चालला होता, आणि तुम्ही मला न विचारता तो बदलून आलात. दुसऱ्या दिवसापासून ह्यांची रवानगी तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथे खूश चेहऱ्याचा कोणाला उपद्रव नव्हता.

मी सांगितलं, डॉक्टरीणबाईंकडे जा आणि ते विरघळवून घ्या. साहेबांनीही तेच सुचवलं, वर पूर्ण दिवसाची रजा देऊ केली. हे ऐकेनात. म्हणाले, लग्न होईपर्यंत हा चेहरा काढायचा नाही. मुलीने उभ्या आयुष्यात माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली आहे. हे म्हणताना त्यांना किती लागलं असेल, ते मला कळायला हवं होतं. पण समोर ते गाल होते. मी म्हटलं, करा काय करायचं ते.

लग्न झालं. आधी नोंदणी, मग हॉलवर जेवण. त्या दिवशी ह्यांच्याइतकं आनंदी कोणीच दिसत नव्हतं, नवरामुलगाही नाही. फोटोग्राफर दर वेळी ह्यांना मध्ये घेत होता. विहीणबाई आपल्या माणसांना दाखवत होत्या, बघा, आमचे व्याही कसे उजळलेत. मुलीने एकदा लांबून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. म्हणजे जमलं. दुरुस्ती यशस्वी.

निरोपाची वेळ मात्र कोणी हिशोबात धरली नव्हती. जावयाची नोकरी समुद्रापलीकडे, त्याच संध्याकाळचं विमान, आणि दोन वर्षं तरी येणं नाही. हॉलच्या पायऱ्यांखाली गाडी उभी होती. मुलगी माझ्या गळ्यात पडून रडली, मी तिच्या, आमचं दोघींचं सगळं रीतसर झालं. मग ती वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

ह्यांना रडता येत नाही. कधीच येत नव्हतं, स्वतःची आई गेली तेव्हाही नाही. जे काही असेल ते त्या घड्यांत असायचं. बाहेरच्या लोकांना कायम एकच चेहरा दिसायचा, आम्हा दोघींना त्यातले पाच-सहा वेगवेगळे ओळखू यायचे. हे आज वैतागलेत, हे आज लाडात आलेत, ह्यांना आज आईची आठवण आलीय. मुलगी तर मी न विचारताच सांगायची. आता ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला काहीच सापडत नव्हतं.

“बाबा, मी चाललेय,” ती म्हणाली.

“हो,” हे म्हणाले. “छान झालं सगळं.”

ती तरीही थांबली. तिच्या समोर तुकतुकीत गाल होते, आणि वर वळलेले ओठ. पलीकडून विहीणबाई प्रेमाने म्हणाल्या, अगं रडतेस काय, बाबा बघ किती खूश आहेत. मुलीने डोळे पुसले. ज्या तऱ्हेने पुसले ते मला आवडलं नाही. ती गाडीत बसली आणि काच खाली न करता गेली.

घरी आल्यावर हे तिच्या खोलीत गेले आणि कपाटातले रिकामे हँगर एका दिशेला वळवून लावत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. ताटातलं निम्मं तसंच राहायचं. मी आडून आडून बघायची, पण बघून काही कळायची सोय नव्हती. कधीही बघावं तर लॉटरी लागलेला माणूस. पंचवीस-तीस वर्षं ज्याचं तोंड मी रोज वाचलं, त्याला ‘तुम्हाला काय होतंय’ असं मला विचारावं लागलं. ते म्हणाले, काही झालं नाही. मला त्या डॉक्टरीणबाईंचा राग आला, नणंदेचा आला, मुलीचा आला, आणि इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर विनोद करत आलेल्या माझाही.

आठव्या दिवशी मुलीचा फोन आला. मी एका पँटची उंची कमी करत होते. इकडचं तिकडचं झालं, मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “आई, खरं सांग. मी गेले ते बाबांना सुटल्यासारखं वाटलं का गं?”

मी मशीन थांबवलं. तिला हँगरचं सांगितलं, ताटाचं सांगितलं. ती म्हणाली, मग त्या दिवशी काहीच कसं दिसलं नाही. माझ्या जिभेवर नेहमीसारखं काहीतरी तिखट आलं होतं, ते मी गिळलं आणि सरळ सांगितलं, “तूच म्हणाली होतीस ना, आनंदी दिसा. तेवढ्यासाठी त्यांनी तोंडात सुया टोचून घेतल्या, खिडकीवरची जागा घालवली. आता दिसणार कुठून?”

ती म्हणाली, बाबांना दे.

मी फोन घेऊन तिच्या खोलीत गेले. हे पलंगाच्या कडेला बसले होते. मी स्पीकर लावून फोन पुढे केला. मुलगी म्हणाली, “बाबा, कॅमेरा सुरू करा. मला तुम्हाला बघायचंय.”

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. कोणाचं तरी अभिनंदन करायला निघाल्यासारखा चेहरा.

“कॅमेरा नको,” ते म्हणाले. “बघू नकोस. नुसतं ऐक.”

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग बंद पडलेल्या नळातून पाण्याआधी हवा येते तसा घशातून नुसता आवाज आला, दोनदा, तीनदा, आणि मग हे रडायला लागले. मोठ्याने, वेडंवाकडं, कधी सवय नसलेल्या माणसासारखं. गाल वरच होते, ओठांचे कोपरेही वरच होते, आणि त्यावरून पाणी वाहत हनुवटीवरून शर्टवर पडत होतं. पलीकडे मुलगी ऐकत होती. फोन मी तसाच त्यांच्या तोंडाशी धरून उभी राहिले.